विद्यार्थ्यांना समजते, पण ते बोलत नाहीत

पत्र : मी डोंबिवलीतील निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या जूनपासून आमच्या सोसायटीच्या सभागृहात शनिवारी आणि रविवारी दीड-दीड तास अमराठी प्रौढांसाठी मराठीचा वर्ग घेते. सोळा जण येतात. त्यांत केरळमधील तीन परिचारिका, बँकेतील चार कर्मचारी, एक बंगाली अभियंता, दोन गुजराती गृहिणी आणि बाकीचे हिंदी भाषक आहेत. मी बोललेले त्यांना बऱ्यापैकी समजते, पण बोलायला सांगितले की माना खाली जातात. तिघेच काय ते बोलतात. ‘मुंबईतील वाहतूक’, ‘माझा आवडता सण’ असे विषय देऊन पाहिले. गटचर्चा ठेवली, तर गटात हिंदी सुरू होते. चुकीची सवय लागू नये म्हणून मी चूक लगेच दुरुस्त करते. वर्गाबाहेर तर दुकानदार आपणहून त्यांच्याशी हिंदीत बोलतात. एक परिचारिका चार महिन्यांत एकही पूर्ण वाक्य बोललेली नाही. कोणते उपक्रम घ्यावेत? शेवटी तोंडी परीक्षा ठेवावी का? — एक शिक्षिका, डोंबिवली

उत्तर :

सन्माननीय बाई,

सप्रेम नमस्कार. मीही बरीच वर्षे पुण्यात अमराठी प्रौढांना मराठी शिकवत आलो आहे आणि तुमच्या पत्रातील वर्ग मला माझाच वाटला. उपक्रमांकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. तुम्ही ‘माझा आवडता सण’ हा विषय दिलात, तेव्हा त्या बंगाली अभियंत्याला कोणता सण आवडतो हे जाणून घेण्याची वर्गातील कोणाला खरोखर उत्सुकता होती का? तो दुर्गापूजा म्हणणार हे सर्वांनाच ठाऊक होते. हा निबंधाचा विषय आहे आणि आपण शिक्षक मंडळी निबंधाचाच विषय उभे राहून म्हणायला लावतो व त्याला संभाषण म्हणतो. एकाकडे काहीतरी आहे, दुसऱ्याकडे ते नाही आणि दुसऱ्याला ते हवे आहे, एवढे जुळून आले की बोलणे सुरू होते. तुमच्या वर्गात हे कारणच तयार झालेले नाही, म्हणून माना खाली जातात. त्यामागे भित्रेपणा असतोच असे नाही.

ही गोष्ट आपल्याच देशात फार पूर्वी पद्धतशीरपणे करून पाहिली गेली आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत इंग्रजीसाठी एक प्रकल्प राबवला, तो बंगलोर प्रकल्प या नावाने ओळखला जातो. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रके अशा गोष्टींवर आधारलेली कामे द्यायची आणि काम करता करता भाषा अंगवळणी पडू द्यायची, असा तो विचार होता. अशा कामांचे त्यांनी तीन प्रकार केले. पहिल्यात माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायची असते, दुसऱ्यात दिलेल्या माहितीवरून तर्काने काही शोधून काढायचे असते आणि तिसऱ्यात स्वतःचे मत मांडायचे असते. तुम्ही थेट तिसऱ्यापासून सुरुवात केलीत, आणि नवशिक्यासाठी तोच सर्वांत अवघड असतो, कारण तिथे काय बोलायचे आणि कसे बोलायचे हे दोन्ही एकाच वेळी सुचावे लागते.

पहिल्या प्रकारासाठी स्वयंपाकघराचे चित्र घ्या. एकाच स्वयंपाकघराची दोन चित्रे हाताने काढा, पण आठ वस्तू वेगवेगळ्या जागी ठेवा. एका चित्रात कणकेचा डबा फळीवर, दुसऱ्यात ओट्यावर. एकात मांजर टेबलाखाली, दुसऱ्यात खिडकीत. दोघे समोरासमोर बसतील, एकमेकांचे चित्र पाहणार नाहीत आणि केवळ विचारून आठही फरक शोधतील. ‘तुझ्याकडे डबा कुठे आहे?’ हा प्रश्न आता खोटा राहत नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर खरोखर माहीत नसते. शिवाय ओटा–ओट्यावर, फळी–फळीवर, टेबल–टेबलाखाली ही सामान्यरूपे, जी तुम्ही फळ्यावर तक्ते काढून शिकवली असतील, ती दहा मिनिटांत पंधरा-वीस वेळा तोंडातून जातात. चित्र वाईट आले तरी हरकत नाही. माझे मांजर अनेकांना मिक्सर वाटले आणि त्या वादात वर्ग जितका बोलला तितका एरवी कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या प्रकारासाठी मी लग्नपत्रिका वापरतो. प्रत्येक घरात जुन्या पत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यावरून एकाच दिवसाच्या दोन पत्रिका तयार करा: एक मामेबहिणीच्या लग्नाची, ठाण्यात, मुहूर्त दुपारी 12 वाजून 17 मिनिटांनी, दुसरी साहेबांच्या मुलाच्या लग्नाची, बदलापूरला, मुहूर्त सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी. तिसऱ्या चिठ्ठीवर लोकलच्या वेळा लिहा. तिघांचा गट करून प्रत्येकाला एकच कागद द्या आणि तो दुसऱ्याला दाखवायचा नाही, फक्त वाचून किंवा सांगून कळवायचा, असा नियम ठेवा. दोन्हीकडे जाता येईल का, हे त्यांनी ठरवायचे. गणित सुटत आले की कोणीतरी म्हणतेच, ‘अक्षता चुकल्या तरी चालतील, जेवायला पोचू.’ मग साहेबांकडे तोंड दाखवणे महत्त्वाचे की मामाचा रुसवा टाळणे महत्त्वाचे, यावर मते निघतात आणि ती मागावी लागत नाहीत. मताचा प्रकार असा पाठीमागून येऊ द्यावा.

आता गटातील हिंदीविषयी. पाच-सहा जणांचा गट करू नका. एवढ्या गटात दोघे बोलतात आणि उरलेले प्रेक्षक होतात, आणि काम लवकर आटोपावे म्हणून सोपी भाषा पुढे येते. जोडी किंवा फार तर तिघे पुरे. (प्रभू स्वतः गटकार्याला अनुकूल नव्हते, विद्यार्थी एकमेकांची सदोष भाषा पक्की करतील अशी त्यांना शंका होती. शाळकरी मुलांच्या बाबतीत ती रास्त असेलही, पण आठवड्यातून तीनच तास मिळणाऱ्या प्रौढांना जोडीकामाशिवाय बोलायला वेळ तरी कुठून मिळणार? सोळा जणांनी एकामागून एक बोलायचे म्हटले, तर दीड तासात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात.) हिंदीवर बंदी घालण्याच्याही मी विरोधात आहे. तुमच्या परिचारिका आणि तो बंगाली अभियंता यांनाही हिंदी परकीच आहे, ती त्यांना कामापुरती हाताशी लागते एवढेच. तेव्हा कामाची आखणी हिंदीत झाली तर होऊ द्या; चिठ्ठीवरील माहिती आणि शेवटचा निकाल मात्र मराठीतच सांगायचा, एवढी अट घाला. आणि पहिल्याच दिवशी ‘याला मराठीत काय म्हणतात?’ हे वाक्य प्रत्येकाकडून पाठ करून घ्या. शब्द अडला की हिंदीत उडी मारण्याऐवजी हे वाक्य उच्चारायचे. अडलेला माणूस मराठीतच अडून राहिला, तर तोही सरावच आहे.

तुमच्या मौनाबद्दलही थोडे लिहितो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने सत्तरच्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिले, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदभरच थांबत असल्याचे तिला आढळले. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांब होत आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागत. ते वर्ग मातृभाषेतून विज्ञान शिकणाऱ्या मुलांचे होते. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला तर आणखी अवधी हवा. पुढच्या वर्गात प्रश्न विचारून मनात सातपर्यंत आकडे मोजा. फार अवघड जाईल, तिसऱ्या आकड्याला तुमच्याच तोंडून उत्तर निघू लागेल, पण मोजा.

चुका लगेच सुधारण्याच्या तुमच्या सवयीबद्दल मात्र मी स्पष्टच लिहितो, कारण ती सवय मलाही होती आणि तिची किंमत मी पाहिली आहे. सुरुवातीच्या काळात माझ्या वर्गात मध्य प्रदेशातील एक तरुण येत असे. गावाहून परतल्यावर मी त्याला सहज ‘कसे आहेत सगळे?’ असे विचारले आणि तो म्हणाला, ‘माझा वडील गेला.’ मी तत्काळ म्हणालो, ‘माझे वडील गेले.’ त्याने मान हलवली, ‘माझे वडील गेले’ असे अगदी शुद्ध म्हटले आणि तो खाली बसला. मी काय केले हे मला दोन मिनिटांनी कळले. आदरार्थी बहुवचन तो तेव्हापासून कधीच चुकला नाही, पण स्वतःहून काही सांगायला वर्गात तो पुन्हा उभाही राहिला नाही.

एवढ्या टोकाच्या प्रसंगांतच दुरुस्ती घातक ठरते असे नाही. एरवी ती बहुधा निरुपयोगी ठरते. रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून 1997 मध्ये दाखवले, की विद्यार्थ्याचे चुकीचे वाक्य शिक्षकाने बरोबर करून पुन्हा उच्चारणे हीच दुरुस्तीची सर्वांत प्रचलित रीत होती, आणि विद्यार्थ्याने स्वतः सुधारून बोलण्याचे प्रमाण नेमके तिच्यातच सर्वांत कमी होते. ‘अगदी बरोबर, पोळी खाल्ली’ असे तुम्ही म्हणता, तेव्हा ‘पोळी खाल्लो’ म्हणणाऱ्याला फक्त ‘अगदी बरोबर’ ऐकू येते. तेव्हा जोड्यांचे काम चालू असताना हातात कागद घेऊन वर्गात फिरा, काहीही न बोलता चुका टिपा आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यांतली पाच वाक्ये नाव न घेता फळ्यावर लिहा. ती सुधारायचे काम पुन्हा जोड्यांना द्या. बोलत असताना तोडायचेच झाले, तर त्या दिवशी ठरवलेल्या एकाच मुद्द्यावर तोडा, आणि तेही उत्तर सांगून नव्हे, तर ‘पोळी... खाल्लो?’ असे विचारून.

कोणत्या चुका कोणाच्या होतील, याचा अंदाज मातृभाषेवरून बराच बांधता येतो, आणि जोड्या लावताना त्याचा उपयोग होतो. मराठीप्रमाणे गुजरातीतही तीन लिंगे आहेत, हिंदीत दोन, तर बंगालीत व्याकरणिक लिंग नाहीच. मल्याळममध्ये तर क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनानुसार बदलतच नाही. म्हणजे ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं’ हे तुमच्या गुजराती गृहिणींना जवळजवळ आयते मिळते आणि परिचारिकांना मुळापासून शिकावे लागते. उलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद मल्याळममध्येही आहे, गुजरातीतही आहे, हिंदीत आणि बंगालीत नाही. ‘ळ’चेही तेच. तुमच्या गप्प राहणाऱ्या परिचारिकेला ‘केळं’ आणि ‘वेळ’ म्हणायला काहीच कष्ट पडणार नाहीत, आणि बोलक्या हिंदी भाषकांचे मात्र ‘केला’ आणि ‘वेल’ होईल. एखाद्या दिवशी ‘ळ’ शिकवायला तिलाच उभे करा. त्या एका तासापुरती ती वर्गातली तज्ज्ञ असेल.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांसाठी सहलीची आखणी फार चांगली. वर्गाचे दोन तट करा आणि कोण काय आणणार हे वाटाघाटीने ठरवायला सांगा. ‘आम्ही डबे आणतो, तुम्ही पाणी आणा, आपण सातला निघू’ या एका वाक्यात तिन्ही सर्वनामे आपापल्या जागी बसतात. कोणी ‘आम्ही सातला निघू’ म्हणाले, तर समोरच्या तटाने ‘मग आम्ही येऊ नको का?’ असे विचारायचे. चूक अर्थाच्या अंगाने समजली, की नियम सांगावा लागत नाही.

प्रवाहीपणासाठी एक युक्ती मी कोणत्याही वर्गात सोडत नाही. ती कीथ मॉरिस यांनी 1983 मध्ये मांडली आणि न्यूझीलंडमधील पॉल नेशन यांनी पुढे तपासून पाहिली. खुर्च्यांच्या दोन समोरासमोर रांगा मांडायच्या. एका रांगेतील प्रत्येकाने समोरच्याला एक हकिकत चार मिनिटे सांगायची. मग ऐकणाऱ्यांनी एकेक जागा सरकायची, आणि तीच हकिकत नव्या माणसाला तीन मिनिटांत, पुन्हा सरकून तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. श्रोता नवा असल्यामुळे पुनरुक्ती खोटी वाटत नाही, आणि काय सांगायचे हे ठरलेले असल्यामुळे सगळे लक्ष कसे सांगायचे याकडे जाते. अडखळणे कमी होते, वेग वाढतो. तुमच्या वर्गासाठी चार मिनिटे फार होतील. दोन, दीड आणि एक मिनिट असे ठेवा. विषय मात्र सांगणाऱ्याजवळ खरोखर असलेला हवा: डोंबिवलीत भाड्याने घर कसे मिळाले, लोकलमध्ये पहिल्यांदा चढलो तो दिवस, घरमालकाशी झालेली बोलाचाली. सोळा जण एकाच वेळी बोलू-ऐकू लागले की सभागृहात बाजार भरल्यासारखा गलका होतो. सोसायटीच्या सचिवांना आधी कल्पना देऊन ठेवा.

सर्वांत जास्त फळ देणारा उपक्रम मात्र याहून साधा आहे. प्रत्येकाने आठवडाभरात कामाच्या ठिकाणी ऐकलेले, पण न कळलेले एक मराठी वाक्य कसेही लिहून आणायचे. परिचारिकांना रुग्णालयात पुस्तकातले ‘माझे पोट दुखत आहे’ ऐकू येत नाही. त्यांना ‘कसंतरी होतंय’, ‘अंग मोडून आलंय’, ‘पाठीत चमक भरली’, ‘जेवण जात नाही’ असे ऐकू येते. जेवण कुठे जात नाही, असा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीने अगदी गंभीरपणे विचारला होता. बँकेतील मंडळी ‘पासबुक भरून द्या’ किंवा नोव्हेंबर आला की ‘हयातीचा दाखला कुठं द्यायचा?’ अशी वाक्ये आणतील. ती फळ्यावर घ्या, अर्थ वर्गाला तर्काने काढू द्या आणि मग ज्याने वाक्य आणले त्याला रुग्ण किंवा खातेदार करा. परिचारिका किंवा कारकून दुसऱ्याने व्हायचे. अशा प्रसंगनाट्यात कल्पनाशक्ती लढवावी लागत नाही, कारण सोमवारी सकाळी तोच प्रसंग खरोखर घडणार असतो. ‘पायजे’, ‘न्हाय’ किंवा तुमच्या परिसरातील आगरी ढंगाचे एखादे वाक्य आले, तर कृपा करून त्याला अशुद्ध म्हणू नका. त्यांना ते बोलायचे नाही, पण समजून तर घ्यायचे आहे.

दुकानदार हिंदीत बोलतात, ही तक्रार मी प्रत्येक वर्गात ऐकतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो गिऱ्हाइकाची अडचण दूर करत असतो. शिकणाऱ्याच्या तोंडी दोन वाक्ये तयार हवीत: ‘मी मराठी शिकतेय, माझ्याशी मराठीतच बोला’ आणि ‘जरा सावकाश सांगता का?’ ही वाक्ये वर्गात इतक्या वेळा घोटून घ्या, की ती विचार न करता बाहेर पडली पाहिजेत, कारण हिंदी भाषक नवशिक्या पहिल्याच वाक्यात घसरला की समोरचा लगेच हिंदीकडे वळतो. मग गृहपाठ द्या. एकाच भाजीवाल्या मावशींकडे आठवडाभर जायचे, ‘भेंडी कशी दिली?’ असेच विचारायचे, ‘भेंडीची किंमत काय आहे?’ असे नाही, आणि त्यांनी काय उत्तर दिले ते शनिवारी वर्गात सांगायचे. सोसायटीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या आजी-आजोबांनाही महिन्यातून एकदा वर्गात बोलवा आणि डोंबिवली पूर्वी कशी होती, हे विद्यार्थ्यांना विचारू द्या. आजोबांना ऐकणारे मिळतात आणि विद्यार्थ्यांना हिंदीचा आधार मिळत नाही.

त्या तीन बोलक्यांसाठी चिंचोके आणा. प्रत्येकाला पाच द्यायचे, बोललात की एक टाकायचा, संपले की गप्प. हा उपाय दोन-तीनदाच चालतो, नंतर त्याचा पोरखेळ होतो. पण तेवढ्यात त्यांना स्वतःच्या बोलण्याचा अंदाज येतो. त्यानंतर त्यांना फक्त प्रश्न विचारण्याचे काम द्या. प्रश्न विचारणे मराठीत उत्तर देण्याइतकेच कठीण आहे, त्यामुळे त्यांना शिक्षा झाल्यासारखे वाटणार नाही.

गप्प असलेल्या परिचारिकेकडून पूर्ण वाक्याची अपेक्षा सध्या सोडा. चार महिने ती येते आहे, म्हणजे ती शिकते आहे. चित्रांच्या खेळात तिला आधी उत्तर देणारी करा, म्हणजे ‘ओट्यावर’ एवढ्या एका शब्दाने तिचे काम भागेल. जोडीला दुसरी मल्याळी परिचारिका देऊ नका आणि ते तीन बोलके तर मुळीच नकोत. गुजराती गृहिणींपैकी जी सबुरीची असेल, तिच्याजवळ बसवा. आणि सर्वांसमोर तिचे कौतुक करू नका. लाजाळू प्रौढाला टाळ्यांची दुरुस्तीइतकीच धास्ती वाटते.

तोंडी परीक्षा ठेवू नका. त्याऐवजी या शनिवारी प्रत्येकाला आपल्याच फोनवर दोन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण करायला सांगा, ‘घरापासून इथपर्यंत मी कशी येते’ या विषयावर. ते कोणाला पाठवायचे नाही, तुम्हीही ऐकायचे नाही. बाराव्या आठवड्यात त्याच विषयावर पुन्हा मुद्रण करायचे आणि दोन्ही एकामागून एक आपले आपण ऐकायचे. फोनमध्ये जागा नाही म्हणून पहिले मुद्रण पुसून टाकणारा एखादा महाभाग निघतोच, तेवढी ताकीद आधी देऊन ठेवा.